अण्णांनी बुजवलेलं चिबड

अण्णा,

चिबडात पाणी आहे. मे महिना अर्धा उलटलाय, नांदेडला दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि आपल्या वस्तीच्या मागं, जिथं तुम्ही मुरूम टाकून रोलर फिरवला होता, तिथं आज गुडघाभर पाणी उभं आहे. त्यात पाणकणीस उगवलंय, काठावर बगळे बसलेत. हे ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली असती हे मला माहीत आहे. पडली असती तर पडली असती. मला तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायचंय, आणि आज तुम्ही मला मध्येच तोडू शकत नाही, त्याचा एकदा तरी फायदा घ्यायचाय.

माझ्या लहानपणी आपलं घर चिबडाच्या अगदी काठाला होतं. पावसाळ्यात भरायची आणि उन्हाळ्यातही पुरती वाळायची नाही अशी ती जागा. कधी कमरेइतकं पाणी, कधी नुसती ओल, पण पाय टाकला की रुतणारच. लव्हाळा, पाणकणीस, बेशरमाची झुडपं, आणि संध्याकाळ झाली की टिटव्यांचा कालवा. गाव वर, उंचावर, आणि आपली वस्ती खाली ओलीत. ती जागा आपल्या माणसांनी निवडली नव्हती, गावानं दिली होती. शाळेत मुलं आम्हाला 'चिबडातले' म्हणायची. आजोबांनी धम्म घेतला, वस्तीत विहार उभा राहिला, तुम्ही शिकून नगरपालिकेत ओव्हरसियर झालात, वस्तीतली पहिली पक्की नोकरी तुमची. तरी पाऊस लागला की आपल्या घराची भिंत खालून वर भिजत यायची आणि घराघरात माणसं हिवतापानं गोधड्या पांघरून कुडकुडायची. माझी आत्या, तुमची धाकटी बहीण, त्याच हिवतापानं गेली. ताप डोक्यात चढला आणि उदगीरच्या दवाखान्याच्या पायरीवरच सगळं संपलं, असं आई सांगते. मला आत्या आठवत नाही. तुम्ही तिच्याबद्दल कधी बोलत नव्हता, म्हणून ती तुम्हाला किती आठवत असेल याचा मला लहानपणी अंदाजच आला नाही.

तो अंदाज आला त्या दिवशी मी पाचवीत आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटलीय आणि मी दप्तरासकट चिबडाकडं पळत आलेय, कारण तिथं टिपर आलेत. खदानीतून लाल मुरूम येतोय, एकामागं एक टिपर मागं सरतोय, फाळका उघडतोय आणि पाणकणसाच्या उभ्या झाडोऱ्यावर मुरमाचा ढीग कोसळतोय. तुम्ही पांढऱ्या शर्टात, पँट घोट्यापर्यंत दुमडून, हातात टेप घेऊन उभे आहात आणि ड्रायव्हरला ओरडून सांगताय की अजून मागं घे, अजून मागं. तुमच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. आणि मी येऊन नेमकं विचारते, "अण्णा, पाणकोंबड्या आता कुठं जातील?"

तुम्ही टेप गुंडाळता गुंडाळता थांबलात. आजूबाजूला मजूर होते, वस्तीतली माणसं होती. "तुला कोंबड्या दिसायल्यात," तुम्ही म्हणालात, "मला तुझी आत्या दिसायलीय. पाण्याची फिकीर हाय, माणसाची न्हाई का तुला?" आवाज चढला नव्हता तुमचा. चढला असता तर मी रुसले असते आणि विसरले असते. त्या हळू आवाजामुळं मी घरी जाऊन चुलीपाशी आईच्या मागं बसले आणि जेवण होईपर्यंत बाहेर आले नाही.

तुम्ही चिबडाचा मोठा भाग बुजवलात. त्यावर वस्तीला प्लॉट मिळाले, सरळ रेषेत, प्रत्येक दारासमोर रस्ता. आपलं घरही तिथंच उभं राहिलं, स्लॅबचं, आणि अंगण तुम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीटचं करून घेतलंत. माती दिसेल एवढी फटसुद्धा ठेवली नाही. "माझ्या दारात आता चिखल येणार न्हाई," असं तुम्ही गवंड्याला म्हणालात, आणि पहिल्या दिवशी आईनं ते अंगण ओल्या फडक्यानं घरासारखं पुसून काढलं. वरच्या गावातली माणसं बघायला आली. हिवताप कमी झाला. 'चिबडातले' हा शब्द शाळेतून हळूहळू गेला. हे सगळं खरं आहे आणि पुढं मी जे सांगणार आहे त्यानं यातलं काहीच खोटं ठरत नाही.

पण घर तापायला लागलं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण स्लॅबखाली राहण्याचं कौतुकच एवढं होतं. मी बारावीला होते तेव्हा उदगीरहून तुम्ही माझ्यासाठी टेबलफॅन आणलात. एसटीत मांडीवर घेऊन आलात, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. आल्या आल्या लावला, आणि त्यातून भट्टीच्या तोंडाशी येते तशी झळ आली. तुम्ही एक चादर भिजवून त्याच्यासमोर दोरीला टांगलीत आणि मला म्हणालात, "आता बस अभ्यासाला." मी बसले. चादरीतून गार वारा यायला लागला. तुम्ही दारात उभे राहून बराच वेळ त्या ओल्या चादरीकडं बघत होता, आणि मग आईला म्हणालात, "जुन्या घरी एवढं तापत नव्हतं, का गं?" आई म्हणाली, "काय की." विषय तिथंच संपला. तुम्ही तो परत कधी काढला नाही, आणि मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या तुमचं हृदय बंद पडलं.

मी भूगोल शिकले, नांदेडच्या कॉलेजात शिकवायला लागले, आणि वरून, उपग्रहातून, जमीन किती तापते ते कसं ओळखायचं यावर काम करत राहिले. तुम्ही खडी-सिमेंटचे माणूस, म्हणून तुम्हाला सोपं करून सांगते. ऊन सगळीकडं सारखंच पडतं. पण ओल्या जमिनीवर पडलं की त्यातली बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. जमिनीला तापायला फारसं काही उरत नाही. अंगाला घाम येतो तसंच हे. चिबड म्हणजे घाम येणारी जमीन. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला, वर काँक्रीट ओतलं, की जमिनीचा घामच बंद. मग आलेलं सगळं ऊन ती पोटात घेते आणि सूर्य मावळल्यावर सावकाश घरांवर सोडत बसते. तुमची ओली चादर आणि चिबड ही एकच गोष्ट होती, अण्णा. मला वाटतं त्या दिवशी दारात उभं राहून तुम्ही तिथपर्यंत आलाच होता.

हे सगळं मी वर्गात शिकवत होते, दुसऱ्या गावांचे नकाशे दाखवून. आपल्या गावाचा नकाशा मी काढला तो आई पडल्यावर.

काही उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. शेजारची मावशी, बसस्टँडवर बांगड्या विकते ती, दुपारी ताक मागायला आली तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर. अंग तव्यासारखं, डोळे उघडे, पण मावशीला ओळखेना. मावशीनं आरडाओरडा करून रिक्षा बोलावली, ओला टॉवेल गुंडाळून सरकारी दवाखान्यात नेलं. मी नांदेडहून पोचले तेव्हा आईला सलाईन लावलेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. मी म्हटलं, ती तर घराबाहेर पडलीच नव्हती. ते म्हणाले, "घरातच लागलंय. तुमच्या वस्तीतून असे लई येतात." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आईला म्हटलं, नांदेडला चल. ती म्हणाली, "हे घर तुझ्या अण्णानं बांधलंय. मी न्हाई येत." तिचा तो स्वर तुम्हाला ठाऊक आहे. त्यापुढं कुणाचं काही चाललेलं नाही.

मग मी नांदेडला येऊन आपल्या गावाची जुनी आणि नवी उपग्रहचित्रं काढली. जमीन जितकी तापलेली तितका रंग लाल, जितकी गार तितका निळा. तुम्ही बुजवण्याच्या आधीच्या चित्रात गावाच्या खाली एक मोठा निळा डाग होता, आणि त्याच्या आजूबाजूची घरंसुद्धा फिकट, सौम्य रंगात. नंतरच्या प्रत्येक चित्रात तो डाग आकसत गेलेला. अगदी अलीकडच्या चित्रात आपली वस्ती गावातली सगळ्यात लाल जागा झाली होती, आणि तिच्या मागं उरलेल्या चिबडाचा निळा ठिपका, तोही मिटत आलेला. तिथं आता गावाचा कचरा पडत होता आणि गटार सोडलेलं होतं. मी आपल्या वस्तीच्या त्या लाल रंगाकडं बघत बसले. एके काळी गावानं आपल्याला ओलीत ठेवलं, आणि आता गावातलं सगळ्यात जास्त ऊन आपल्याच वाट्याला आलं होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात कळलं की नगरपालिका उरलेलं चिबडही बुजवणार आहे. तिथं व्यापारी संकुल होणार, वस्तीतल्या पोरांना त्यात गाळे मिळणार. मी नगराध्यक्षांना भेटायला गेले. ते शाळेत माझ्याच वर्गात होते, मागच्या बाकावर. आता मला मॅडम म्हणतात. त्यांनी चहा मागवला, चित्रं नीट बघितली, आणि मग हसून म्हणाले, "मॅडम, चिबड बुजवायचं शिक्षण आम्हाला तुमच्याच अण्णांनी दिलं की. त्यांचं नाव आजबी घेतात लोकं. आता तुम्हीच उलटं सांगायलाव?"

मी चित्रं गोळा केली आणि उठले. घरी येऊन आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "चिबड ठिवा म्हणायलीस? तुझी आत्या कशानं मेली ठाव न्हाई का? आख्खी रात रात डास मारत बसायचो आम्ही. तुला पुस्तकात बरं दिसत आसंल." वस्तीतली पोरंही नाराज. एकजण तोंडावर म्हणाला, "ताई, तुमी नांदेडला ऱ्हाता. आमाला गाळा मिळायलाय तर मधी कशाला येताव?" अण्णा, तेव्हा मला कळलं की मला नगरपालिकेशी भांडायचंच नाहीये. मला तुमच्याशी भांडायचंय. आणि तुम्ही चूक होता असं म्हणून हे भांडण जिंकता येणार नाही, कारण तुम्ही चूक नव्हता.

तेव्हा मी नकाशे बॅगेत ठेवले आणि कॉलेजातली तापमान मोजायची बंदूक आणली. करोनात कपाळाला लावायचे तशीच दिसते, पण ही जमिनीचं, भिंतीचं, पत्र्याचं तापमान सांगते. एका रविवारी भर दुपारी वस्तीतल्या बायांना म्हटलं, माझ्यासंगं फक्त चिबडापर्यंत चला. मावशीनं बंदूक बघितली आणि कपाळ पुढं केलं. "बघ माझा."

"मावशी, हे माणसाचं न्हाई. जमिनीचं हाय."

"जमिनीला बी करोना झाला का?" मावशी म्हणाली, आणि सगळ्या जणी हसत सुटल्या. त्या हसण्यामुळंच पुढचं सोपं झालं.

सुरुवात आपल्याच अंगणापासून केली. तुमच्या काँक्रीटवर बंदूक धरली, आकडा बघून मीच ती एकदा झटकली आणि परत धरली. तोच आकडा. मावशीनं वाकून बघितला. "एवढा ताप माणसाला आला तर राख हुईल की." मग मावशीच्या घराचा पत्रा, तो तर त्याहून वर. मग वस्तीच्या मागचं मोकळं मैदान, तुम्ही बुजवलेलं पण पुढं काहीच न बांधलेलं, नुसता दाबलेला मुरूम. चपलेतून चटका बसत होता. आणि मग आम्ही चिबडाच्या काठच्या गवतात उतरलो. आकडा धपकन खाली आला. ओल्या चिखलावर धरली, आणखी खाली. मी आकडे मोठ्यानं वाचून दाखवत होते, पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की कुणी ऐकतच नाहीये. बाया बेशरमाच्या सावलीत बसल्या होत्या. एकीनं पदर सोडून वारा घेतला. कचऱ्याचा वास येत होता, तरी कुणाला उठायचं नव्हतं.

आई आली नव्हती आमच्यासोबत. ती मागून आली, छत्री घेऊन, एकटी. काठावर थांबली, चपला काढल्या आणि लुगडं जरा वर धरून ओल्यात पाय ठेवले. इतक्या वर्षांत ती या बाजूला फिरकलीच नव्हती. वाकून लव्हाळ्याचं एक पातं तोडलं. मी जवळ गेले. "हितंच ती लव्हाळा कापायची," ती म्हणाली. "तुझी आत्या. लई हसायची." मग पाय बाहेर काढून, चपला हातात घेऊन म्हणाली, "डासाचं काय करतीस ते सांग आधी. त्याचा इलाज असंल तर मी हाय तुझ्यासंगं. नसंल तर बुजवू दे त्यानला."

मी त्याच कामाला लागले. आरोग्य खात्यातल्या लोकांना आणून जागा दाखवली. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला तुमच्यासाठी वाईट वाटलं, कारण तुमच्या वेळी हे सांगायला कुणी आलं नव्हतं. डासांना हवं असतं साचलेलं, घाण, गवतानं कोंदलेलं पाणी. गटार वळवलं, कचरा उचलला, काठ साफ ठेवला आणि पाण्यात गप्पी मासे सोडले, तर मासे अळ्या खाऊन टाकतात. म्हणजे चिबड मारायची गरज नव्हती, ते सांभाळायची गरज होती. पण सांभाळायला नगरपालिका लागते, आणि आपल्या वस्तीचं चिबड सांभाळायला तेव्हा कोण आलं असतं? तुमच्या हातात मुरूम होता, तुम्ही मुरूम टाकलात.

नगराध्यक्षांना मी म्हटलं, वस्तीत या, विहाराच्या अंगणात बसू, वस्ती ठरवेल तसं करा. ते आले, ही त्यांची मोठी गोष्ट. रविवारची सकाळ, लिंबाखाली सतरंज्या, सगळी वस्ती जमलेली. मी गटाराचं सांगितलं, माशांचं सांगितलं, एक लाल-निळं चित्र भिंतीवर लावलं. गाळ्यांचा प्रश्न आला तेव्हा मी अडखळले, आणि मावशी बसल्या जागेवरनं बोलली, "चिबडात गाळे बांधून गिऱ्हाईक काय बगळे येणार हायत का? बसस्टँडपाशी कोंडवाड्याची जागा रिकामी पडलीय. जनावर न्हाई तिथं एक. तिथं बांधा की, धंदा तर हुईल." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. गाळा मागणारा तो पोरगा म्हणाला, "मावशी बराबर बोलायलीय." नगराध्यक्ष मान हलवत होते, आणि तरी शेवटी त्यांनी तेच काढलं: "पर अण्णांनी एवढ्या मेहनतीनं जे काम सुरू केलं..."

तेव्हा आई उभी राहिली. तुम्ही तिला कधी चार माणसांत बोलताना पाहिलं नाही. मीही नाही. पदर खांद्यावर घट्ट ओढून ती म्हणाली, "अण्णाचं नाव घ्यायलाव तर मी सांगते. त्यांनी बुजवलं. त्या दिसांत मी त्यांच्या डब्यात रोज भाकरी दिली. बहीण गेली होती त्यांची, आणि आमाला चिबडातले म्हणायचे, तुमच्याच घरचे म्हणायचे. त्यांनी केलं ते बराबर केलं. आता मी त्याच घरात पडले, उन्हानं. हेबी खरं हाय. डासाचा इलाज निघालाय तर आता बुजवायचं कारण काय ऱ्हायलं? त्यांनी माणसांसाठी बुजवलं. माणसांसाठीच ठिवा आता." आणि ती खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नगराध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, ठेवायचं म्हणणारे कोण, हात वर करा. हात वर गेले, अण्णा. आधी बायांचे, मग म्हाताऱ्यांचे, मग पोरांचे, विहाराच्या पायऱ्यांपर्यंत हातच हात. त्याच महिन्यात नगरपालिकेत ठराव झाला. गाळे कोंडवाड्याच्या जागी, गटार वळवायचं, कचरा उचलायचा. आणि मी मागितलंही नव्हतं ते आणखी एक मिळालं: मोकळ्या मैदानाचा मुरूम काढून चिबड परत वाढवायचं.

म्हणजे तुम्ही टाकलेला मुरूम काढायचा. जेसीबी आली त्या दिवशी मी रजा घेऊन आले. ऑपरेटर देगलूरकडचा, बोलण्यात तेलुगूचा हेल. त्यानं बकेट लावलं आणि यंत्र जागच्या जागी वर उचललं गेलं. मुरूम हलेना. त्यानं परत लावलं, करकर आवाज, नुसता ओरखडा. शेवटी तो खाली उतरला, जमिनीवर बूट आपटून बघितला आणि वैतागून म्हणाला, "कोनी दाबलाय हो हा मुरूम? आजकाल रस्ते दाबत न्हाईत असा! दात मोडायलेत मशीनचे."

"माझ्या अण्णांनी," मी म्हटलं.

इतक्या जोरात म्हटलं की मावशीनं वळून बघितलं. मला हसू येत होतं. तुमचं काम मोडायला मी यंत्र आणलं होतं आणि तुमचं काम मोडत नव्हतं, या गोष्टीचा एवढा अभिमान कुठल्या मुलीला झाला नसेल. ऑपरेटरनं टोपी जरा वर केली. "ओव्हरसियर होते का? दिसायलंय काम," तो म्हणाला, आणि दुसरं, दातेरी बकेट आणायला गेला. कित्येक दिवस लागले त्याला. खालचा थर निघाला तेव्हा काळी ओली माती वर आली, तिला तोच जुना वास होता. आणि पुढच्या पावसानंतर, कुणी बी न टाकता, पाणकणीस त्या मातीतून आपोआप उगवलं.

हा त्याच्यानंतरचा उन्हाळा. उपग्रहाच्या चित्रात निळा डाग परत रुंद झालाय, आणि त्याच्या काठची घरं लालातून खाली उतरलीत. आईचं घर त्यातलंच एक. मी काल बंदूक घेऊन फिरले. काठाकडच्या भिंती आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंती यांत फरक असा की आता मोजायचीही गरज नाही, हात लावला तरी कळतं. तुमच्या अंगणातलं काँक्रीट आईनं एका बाजूनं फोडून घेतलं, माझ्याशी न बोलता, आणि तिथं कडीपत्ता लावलाय. हिवताप विभागाची माणसं येऊन पाणी बघून जातात, गप्पी मासे वळवळत असतात. संध्याकाळी वरच्या गावातली माणसं खाली येतात, घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन, आणि आपल्या वस्तीच्या काठाला गार हवेत बसतात. बसायच्या आधी मावशीला विचारतात, मावशी, इथं बसलं तर चालतंय का? मावशी म्हणते, बसा की, आपलंच हाय. मी ते ऐकते तेव्हा माझी मान ताठ होते. गावानं ज्या जागेवरून आपल्याला नावं ठेवली त्या जागेवर बसायला गाव आता आपल्याला विचारतं.

पाणकोंबड्या परत आल्यात. एवढं तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं, आणि माणसांची फिकीर करूनच त्या परत आल्यात, हेही.

हे पत्र पाठवायचं कुठं, म्हणून ते माझ्याच कपाटात राहील. तेव्हा कुणाला न सांगितलेलं एक इथं लिहिते. त्या दिवशी विहाराच्या अंगणात सगळे हात वर गेले आणि नगराध्यक्षांनी विचारलं, विरोधात कोण? कुणीच नव्हतं. तेवढ्या शांततेत मी फाटकाकडं बघत होते. तुम्ही आत यावं, पँट दुमडलेली, पांढरा शर्ट, आणि सगळ्यांसमोर एकट्यानं हात वर करावा विरोधात, असं मला फार फार वाटत होतं. मी तुमच्याशी तिथंच, दुपार होईपर्यंत भांडले असते. आणि हरले असते तरी मला चाललं असतं.